कुलपामागचा धूर

ऱ्हास व्हायचा तर आधी वैभव असावं लागतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कादंबऱ्यांतली बुडणारी घराणी नेहमी मोठी असतात. त्यांच्याकडे झुंबरं असतात, तळघरं असतात, आणि जिन्यावर पावलं वाजतात. आमच्या घराला जिनाच नव्हता. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत आमचं घर. पुढे ओटी, मग माजघर, मागे चूल आणि कडेला गोठा. वरी-नाचणीची शेतं, दोन म्हशी, थोड्या शेळ्या. अशा घरांचा ऱ्हास होतो असं कुणी म्हणत नाही. ती नुसती बंद होतात.

वडील एसटीत नोकरीला लागले तेव्हाच ते महाडला उतरले होते, त्यामुळे मी वाढले महाडात. काका मुंबईला. वाडीतलं घर सांभाळत होती आमची आत्या. तिचं लग्न वरंधच्या बाजूला झालं होतं, पण वर्ष-दोन वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आजी-आजोबांचं तिनेच केलं, म्हशींचंही तिनेच केलं, आणि भावांना वेळच्या वेळी वरीचे तांदूळ, आमसुलं, नाचणीचं पीठ पाठवत राहिली. घरावर तिचं नाव नव्हतं. ते कधी असावं असं तिला वाटलंही नसावं. घर उघडं ठेवणं हे आपलं काम आहे, एवढंच तिने ठरवून टाकलं होतं.

मी महाडच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि मुलांसाठी एकांकिका लिहायचे. त्यातली एक मुंबईच्या स्पर्धेत एका दिग्दर्शकाने पाहिली. कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हा गृहस्थ वीर स्टेशनला उतरला, रिक्षा करून माझ्या दारात आला आणि एक जुनी जाडजूड कादंबरी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "याची पटकथा तुम्ही लिहायची." मी हो म्हटलं. पटकथा कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं, हे त्याला सांगायची गरज मला वाटली नाही.

कादंबरी एका जमीनदार घराण्याची होती. तीन पिढ्या, दोन खून, एक वेडी सून. घरातली माणसं मरत जातात तसतशा खोल्या बंद होत जातात. शेवटी एक म्हातारी बहीण उरते, एकाच खोलीत राहणारी. आणि अगदी शेवटच्या पानावर गावकऱ्यांना त्या घराला बाहेरून कुलूप लागलेलं दिसतं. कुणी लावलं ते लेखक सांगत नाही. बहीण आत आहे की बाहेर, तेही नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, हे कबूल करते.

वाचताना काटा येतो ते सगळं पडद्यावर आणता येतंच असं नाही, हे मग हळूहळू कळत गेलं. कादंबरीभर ओल्या लाकडाचा वास होता. वासाचं दृश्य कसं लिहिणार? वेड्या सुनेची आठ पानांची स्वगतं होती. ती मी काढली आणि त्या जागी तिला रिकाम्या पाळण्याची दोरी ओढायला लावली. दिग्दर्शक खूश झाला, मला मात्र आठवडाभर चोरी केल्यासारखं वाटत होतं. मग मी धीट झाले. पहिल्या दोन पिढ्या कापल्या, खून कापले. उरली शेवटची बहीण आणि तिचं घर. ती बहीण दिवसभर काय करते, हे कादंबरीत कुठेच नव्हतं. जमीनदारांच्या बायकांना बहुधा काम नसावं. मी तिला काम दिलं. सकाळी चुलीतली राख बाजूला करून निखारा शोधणं, दुपारी ओटीवर बसून धान्य पाखडणं, तिन्हीसांजेला दारात उभं राहून वाटेकडे बघणं. लिहिता लिहिता कळलं, की मी आत्याला लिहिते आहे.

घर मात्र सापडेना. दिग्दर्शकाला घेऊन मी महाड पालथं घातलं, दासगावला गेले, वरंधपर्यंत जाऊन आले. त्याला पाहिजे तसं जुनं घर दिसलं की घराच्या छपरावर डिश अँटेना असायची. शेवटी उन्हाने आणि त्याच्या कुरकुरीने वैतागून मी त्याला आत्याकडे जेवायला नेलं. तो ओटीवर टेकला, काळ्या पडलेल्या खांबावरून हात फिरवला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "हेच." मी म्हटलं, हे जमीनदाराचं घर नाही. तर म्हणाला, "तुमच्या पटकथेतही आता जमीनदार कुठे उरलाय?" खरंच होतं.

त्याला एक गोष्ट समजत नव्हती. वाडीतली अर्ध्याहून जास्त घरं बंद होती, मग आपल्याला एखादं बंद घरच का घेता येऊ नये? मी त्याला फिरवून आणलं. बंद घरं सगळी नवी होती. मुंबईकरांनी स्लॅब टाकलेली, गुलाबी नाहीतर पोपटी रंगाची, पुढे ग्रील, ग्रीलला कुलूप. आत वर्षाचे अकरा महिने माणूस नाही. पडकं, भुताचं वाटेल असं एकही नाही. जुनं दिसणारं एकमेव घर आत्याचं, आणि त्यात ती रोज झाडून-सारवून राहत होती. त्याने ते सगळं बघितलं आणि परत येऊन आमच्याच ओटीवर बसला.

आत्याला सिनेमाचं अप्रूप वाटलं. माणसं येतील, चहा होईल, घर गजबजेल, एवढंच तिने पाहिलं. शिवाय तो काळ तिला जडच चालला होता. तिचे गुडघे गेले होते. पाण्यासाठी खालच्या विहिरीपर्यंत जाणं होईना. काकांनी फोन करून वडिलांना सांगितलं होतं, "शिमगा झाला की घर बंद करू. ताईला महाडला ने, नाहीतर मी मुंबईला नेतो." वडिलांना ते पटलं होतं. मलाही पटलं होतं. आत्याला विचारलं नव्हतं, कारण तिचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

तिच्याकडे एकच उपाय होता आणि तो ती दरवर्षी करायची. आमच्या वाडीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. चाकरमानी सणापुरतं घर उघडतात, त्यांच्या अंगणात ती थांबते, ओटी भरून घेते आणि पुढे जाते. पण आत येऊन माजघरात टेकते ती फक्त बारा महिने चूल पेटणाऱ्या घरात. शेजारच्या वाडीत असं काही नाही, हा आमच्याच वाडीचा रिवाज. आणि देव ज्या घरात बसून गेला, त्या घराला पुढच्या शिमग्यापर्यंत कुलूप लावत नाहीत. म्हणजे पालखी आत आली की आत्याला आणखी एक वर्ष मिळायचं. भाऊ कितीही कुरकुरले तरी देवाच्या पुढे त्यांचं काय चालणार.

चित्रीकरण शिमग्याच्या आधीच्या पंधरवड्यात ठरलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पोलादपुरातून जिपा भरभरून माणसं आणि पेट्या यायच्या, शेवटचा चढ डोक्यावरून. कलाविभागाच्या पोरांनी पहिल्याच दिवशी भिंतींवर चहाचं पाणी मारलं, कोपऱ्यांत कसलीशी जळमटं लावली, ओटीवर पाचोळा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर सगळं लख्ख. आत्याने पहाटे उठून जळमटं काढली होती, ओटी सारवली होती. पोरांनी पुन्हा घाण केली. तिने पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने मला बोलावलं आणि हात जोडले. मी आत्याला समजावायला गेले, तर म्हणाली, "अगो, लोक काय बोलतील? पावनं येतात आन ओटीवर पाचोळा?" शेवटी असं ठरलं, की चित्रीकरण चाललंय तेवढा वेळ घाण, पॅकअप झालं की आत्याचं राज्य. बहिणीचं काम करणारी मुंबईची ज्येष्ठ नटी हे बघून हसायची, पण मग स्वतःच संध्याकाळी आत्याबरोबर केरसुणी घेऊन उभी राहायला लागली.

शेवटाबद्दल मी आत्याला सांगितलं नव्हतं. टाळलंच म्हणा. कुलपाच्या दृश्याच्या आदल्या दिवशी कलाविभागाचा माणूस दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठोकायला आला तेव्हा तिला कळलं. आमच्या दाराला बाहेरून कडीच नव्हती, आतून लाकडी आडणा होता. कधी बाहेरून बंद करायची वेळच आली नव्हती. आत्या चुलीपाशी होती, तिने ठोकण्याचा आवाज ऐकला, बाहेर आली, बघितलं आणि मला म्हणाली, "यो कशाला?"

मी तिला गोष्ट सांगितली. सगळी, पहिल्या पिढीपासून. ती उंबऱ्यावर बसून नीट ऐकत होती. झाल्यावर तिने विचारलं, "आन ती म्हातारी गेली कुठं?"

"ते सांगितलेलं नाही."

"सांगितलं नाय म्हंजे मेली." तिने पदर सावरला. "कुलूप आपल्या घराला लागलं नाय कवा. शिमग्याच्या तोंडावर तर लावायचं नाय."

मी म्हटलं, खरं लावणार नाही, नुसतं अडकवू. ती माझ्याकडे असं बघत राहिली, की मी एवढं शिकून काय केलं हा प्रश्न तिला पडला असावा.

"अडकवलेलं आन लावलेलं लांबून सारकंच दिसतंय," ती म्हणाली.

लांबून बघणारे होतेच. समोरच्या टेपावरून, त्या टेकाडावरून, आमचं दार सरळ दिसतं. तिथे शेजारची काकी शेळ्या घेऊन दिवसभर असायची, येणारे-जाणारे असायचे. दाराला कुलूप दिसलं की ती गोष्ट संध्याकाळपर्यंत वाडीच्या मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळापर्यंत पोचणार आणि पालखी अंगणातूनच पुढे जाणार, हे मलाही कळत होतं. मी दिग्दर्शकाला सांगितलं, शेवट बदलू. तो वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवशी ऐकेना. "कादंबरी मी या एका दृश्यासाठी घेतली," तो म्हणाला. त्याला दोन मिनिटांचं एक सलग दृश्य पाहिजे होतं. पूर्ण घर, बंद दार, कुलूप. काहीही हलणार नाही. घर मेलेलं दिसलं पाहिजे.

आमची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, हे घर मेलेलं नाही, तुम्हाला मेलेलं पाहिजे तर दुसरं शोधा. तो म्हणाला, पटकथेत कुलूप तुम्हीच लिहिलंय. मी लिहिलं होतं, आणि चांगलं लिहिलं होतं, हेच तर दुखणं होतं. त्या शेवटाशिवाय सिनेमा उभा राहत नाही हे त्याच्याइतकंच मला माहीत होतं. मला दोन्ही पाहिजे होतं.

तोड काढली ती आत्यानेच. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती आम्हा दोघांपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लावा कुलूप. मी आत बसते. आत माणूस हाय तवर घर बंद नाय." दिग्दर्शकाने सुटकेचा निःश्वास टाकला. माणूस आत असला काय आणि बाहेर असला काय, कॅमेऱ्याला काय कळणार?

ती आत गेली. कलाविभागाच्या माणसाने दार ओढलं, कोयंड्यात कुलूप अडकवलं. ओटीवर पाचोळा, कोपऱ्यात जळमटं. सगळी माणसं कॅमेऱ्यामागे गेली. मी अंगणाच्या कडेला आंब्याखाली उभी होते. घर खरोखरच मेलेलं दिसत होतं, आणि मला एकदम रडू आलं. असं होणार याची मला कल्पना नव्हती. मी ते दृश्य किती वेळा लिहिलं होतं, खोडलं होतं, पण आमच्या दाराला कुलूप कसं दिसेल याचा विचार लिहिताना कधी केला नव्हता.

मग कौलांतून धूर यायला लागला.

आधी बारीक, मग चांगला जाड, ओल्या काटक्यांचा असावा तसा. चुलीच्या वरच्या कौलांच्या फटींतून निघून छपरावर पसरायला लागला. दिग्दर्शकाने "कट" म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी दारापाशी जाऊन हाक मारली, "आत्या, चूल कशाला पेटवलीस?"

आतून खोकला आला, मग आवाज. "धूर दिसूं दे. टेपावरच्यांना दिसूं दे."

दिग्दर्शक म्हणाला, पाणी ओता त्याच्यावर. मी म्हटलं, पेटत्या चुलीवर पाणी ओतत नाहीत. तो म्हणाला, मग विझेपर्यंत थांबू. मी म्हटलं, ती विझू देणार नाही. मी त्याला हेही सांगितलं, की कुलूप हवं असेल तर धुरासकट घ्या, नाहीतर मी आत्ता ते काढते आणि पटकथेवरचं माझं नावही काढा. असं मी एरवी कुणाशी बोलत नाही. सूर्य कलत होता. नटीचं काम संपलं होतं, सामान दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं. त्याने एकदा छपराकडे बघितलं आणि कॅमेरा सुरू करायला सांगितलं. दोन मिनिटं काहीच हललं नाही, धूर सोडून. नंतर दार उघडलं तेव्हा आत्याचे डोळे लाल झाले होते, आणि तिने बाहेर येऊन सगळ्यात आधी केरसुणी मागितली.

शिमग्याला मी मुद्दाम वाडीत राहिले. काका आले होते, वडील आले होते. वरच्या आळीतून ढोल वाजत खाली यायला लागले तशी आत्या चुलीपाशी जाऊन बसली. ती विधवा, पालखीच्या पुढे जायची नाही. ओटी भरायला मी होते, खांदा द्यायला काका. सगळं ज्यांच्या हातात होतं त्यांना त्या घराशी फारसं देणंघेणं नव्हतं, आणि जिला होतं ती आत बसली होती.

पालखी आमच्या अंगणाच्या तोंडाशी आली आणि थांबली. मुंबई मंडळाचा एक जण वाडीच्या मानकरी गावकाराला सांगत होता, "या घराला लॉक होतं, आम्हाला फोन आला होता. मग अंगणातूनच न्या. रूल सगळ्यांना सेम." गावकार म्हातारे होते, त्यांनी मान डोलावली. काका माझ्याकडे बघेनात. सिनेमाचं कुलूप होतं, असं मी म्हटलं. त्यावर मंडळवाला म्हणाला, "कुलूप ते कुलूप."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शेजारची काकी पुढे आली. "मी टेपावर हुते," ती गावकारांना म्हणाली. "कुलूप बघितलं तसा धूरपन बघितला. माणूस आत हुतं. चूल पेटती हुती."

गावकारांनी वर बघितलं. छपरातून तेव्हाही धूर येतच होता. त्यांनी पालखीच्या पुढच्या माणसाला हाताने खूण केली, आणि पालखी आमच्या अंगणात शिरली, ओटी चढली, माजघरात टेकली. मी ओटी भरली. गाऱ्हाणं झालं, ढोल पुन्हा वाजायला लागले. मी चुलीकडे गेले तर आत्या फुंकणी हातात धरून तशीच बसली होती. तिने मला विचारलं, "बसला ना?" मी हो म्हटलं. मग ती चहाचं आधण ठेवायला उठली. घर बंद करायचं काकांनी त्या वर्षी पुन्हा काढलं नाही.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. महाडात तो फार दिवस टिकला नाही. वाडीची माणसं टेम्पोने खाली आली आणि पहिल्या तीन रांगांत बसली. गोष्ट त्यांना लांबलचक वाटली. शेवटी आमचं घर पडद्यावर आलं, बंद दार, कुलूप, आणि कौलांतून धूर. मुंबई-पुण्याकडच्या लोकांना तिथे भीती वाटली म्हणे. त्या धुरावर बरंच लिहूनही आलं, की मेलेल्या घराण्याचा आत्मा, अतृप्त वासना, काय काय. दिग्दर्शकाने ते कौतुक मुकाट्याने घेतलं. मीही घेतलं असतं. पण आमच्या तीन रांगांत कुणी घाबरलं नाही. उलट सगळे हलले, सैल झाले. आत्या माझ्या शेजारी होती. ती मला हळूच म्हणाली, "हाय म्हातारी. मेली नाय." आणि चपला शोधायला लागली.

त्यानंतरही ती दरवर्षी एकेक वर्ष मिळवत गेली. गुडघे अधिक गेले, म्हशी विकल्या, पाणी शेजारची काकी आणून द्यायला लागली. सिनेमाची कडी दाराला तशीच राहिली. आत्या तिला कोयता अडकवून ठेवायची.

ती एका हिवाळ्यात गेली, चुलीपाशीच. दिवसकार्य झालं, काका मुंबईला गेले, वडील आजारी होते. शिमग्याला अजून अवकाश होता, पण तोवर घर उघडं ठेवायला कुणीच उरलं नव्हतं; मागचं आवरून कुलूप लावायचं काम माझ्याकडे आलं. मी महाडहून कुलूप घेऊन गेले होते. भांडी पालथी घातली, सारवून घेतलं, एकटीसाठी कोरा चहा केला. चुलीत निखारे होते. त्यांच्यावर पाणी ओतायला हात धजावला नाही, म्हणून राख ओढून ठेवली. कडीवरचा कोयता काढून आत ठेवला आणि कुलूप लावलं. पटकथेत मी लिहिलं होतं, की कुलूप कुणी लावलं ते दिसत नाही.

टेपाच्या वळणावर काकी शेळ्या घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे, छपराकडे. राखेखाली एखादी काटकी राहिली असावी.

"घरात कोन हाय गो?" तिने विचारलं.

"कुणी नाही, काकी."

"मंग धूर?"

"विझेल थोड्या वेळात."

शेळ्या पुढे गेल्या तरी ती तिथेच छपराकडे बघत उभी राहिली, आणि मी जीप पकडायला खाली उतरले.